सतारीखाली गेलेला आवाज

जळगावच्या बसस्थानकात ज्यांनी त्या वीस-पंचवीस वर्षांत कधी गाडी पकडली, त्यांनी अभिमन पाटलाचा आवाज ऐकलेला असणारच. चेहरा फारसा कुणी पाहिला नसेल. नियंत्रकाच्या खोलीत बसून भोंग्यावरून "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणत धुळ्याची, बोदवडची, चोपड्याची गाडी फलाटाला लावून देणारा तो माणूस. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. मूळ गाव नरडाण्याच्या अंगाला, घरची बोली अहिराणी. पण नोकरी लागली त्या दिवशी या गड्याने ती बोली वेशीवर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. बायको कमलबाई अहिराणीत विचारायची, हा पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचा. संसार तसाच चालला, आणि बरा चालला.

दिवसभर हॉर्न, फेरीवाल्यांचा गलका, चुकलेल्या गाडीसाठी भांडणारे लोक. घरी येईपर्यंत त्याचे कान विटून जात. आणि अशा माणसाला वेड कशाचं लागावं, तर शास्त्रोक्त संगीताचं. तेही आडवाटेचं. मैफलीला जाऊन बसायची त्याला लाज वाटे, आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणून. त्याला संगीत भेटलं ते सिनेमात. पडद्यावर आई मरत असते, लोक डोळे पुसत असतात, आणि हा पठ्ठ्या मागे हळूच वाजणारी सारंगी ऐकत असतो. थिएटरात ती निघून जाई, परत आणता येत नसे, याचं त्याला खरोखर दुःख होतं.

ते दुःख सत्त्याऐंशी साली मिटलं. शनिपेठेत नासीर नावाचा तरुण व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवायचा आणि लग्नांची शूटिंगही करायचा. त्याच्या ओळखीने अभिमनने एक जुना व्हीसीआर घेतला. आता सारंगी हातात आली. हवी तेव्हा थांबवा, मागे न्या, पुन्हा ऐका. यंत्रावर फिरणारे आकडे बघून तो वहीत टिपून ठेवायचा: चारशे बारा, सतार, सातशे तीस, शहनाई, भैरवी असावी. सुरुवातीला शेजारपाजारचे रविवारी सिनेमा बघायला जमत. पण हाणामारी आली की हा आवाज बंद करणार आणि नायिका नुसती खिडकीत उभी राहिली की तेवढंच तीनदा मागे नेणार. महिन्याभरात शेजाऱ्यांनी नाद सोडला.

नाद सोडला नाही तो एकट्या मंजुळाने. ही त्याची एकुलती एक मुलगी. नाव बापानेच हौसेने ठेवलेलं, पण पोरीचा आवाज घोगरा आणि खणखणीत. बापाला भोंगा लागे, हिला लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी बोलायला लागली की कमलबाई चुलीवरचं दूध उतरवायला घेई, पोर आली म्हणून. ती बापाशेजारी बसून सिनेमा बघायची आणि नेमकी सतार सुरू झाली की विचारायची, आबा, हाऊ मरस का पुढे? अभिमन डोळे न उघडता म्हणायचा, "हळू बोल, मंजुळा." हे वाक्य त्या घरात दिवसातून दहा वेळा म्हटलं जाई. ती दोन मिनिटं हळू बोले आणि मग विसरून जाई. रागावत मात्र कधी नसे. माणूसच तसं होतं, भरभरून.

नव्वदच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. मुलगा नरडाण्याचा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. शूटिंग अर्थातच नासीरची. तेव्हा लग्नाच्या कॅसेटची एक रीत ठरून गेलेली होती. शूटिंगवाला घरी जाऊन मूळ कॅसेटवरून नक्कल काढायचा आणि ती काढताना लग्नातला सगळा आवाज पुसून त्यावर सिनेमातली गाणी चढवायचा. भटजी तोंड हलवतोय आणि वर कुठलं तरी प्रेमगीत, याचं कुणाला काही वाटत नसे. अभिमनला वाटलं. त्याने गाणी नकोत म्हणून सांगितलं. वही घेऊन तो दोन दिवस नासीरकडे बसला आणि सिनेमाच्या कॅसेटींमधले तुकडे निवडून दिले. हळदीला सतार, मंगलाष्टकांना शहनाई, पाठवणीला सारंगी.

नासीर भला माणूस. तो म्हणाला, भाऊ, मधेमधे थोडं बोलणं राहू देऊ का, पोरगी झकास बोलते. अभिमन म्हणाला, एक शब्द ठेवायचा नाही. मांडवातला तो कालवा, त्यात मंजुळाचं खेडवळ बोलणं, चार लोकांत लावायची कॅसेट ती. त्याला मनापासून वाटत होतं की आपण पोरीला नीटनेटकी करून ठेवतोय. कॅसेट झालीही सुरेख. ज्याने त्याने कौतुक केलं आणि अभिमनची मान ताठ झाली.

पाठवणीच्या वेळी त्याने पोरीला एकच शिकवण दिली होती, सासरी हळू बोलत जा. आणि या वेळी ती विसरली नाही. ब्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली ती खालच्या आवाजात बोलत. झोक्यावर बसली, पण गाणं म्हटलं नाही. कमलबाई दोनदा तिच्या कपाळाला हात लावून गेली. अभिमनला मात्र बरं वाटलं. तो बायकोला म्हणाला की पोरीला वळण लागलं. हे वाक्य त्याने नंतर किती वेळा गिळायचा प्रयत्न केला असेल, ते त्यालाच ठाऊक.

ऑगस्टात मंजुळा गेली. सातवा महिना होता. आठ दिवस अंगात ताप होता, अन्न जात नव्हतं, पण ती कुणाला काही बोलली नाही. डोळे हळदीसारखे झाले तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. धुळ्याला नेलं तोवर ती शुद्धीत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपलं. सासरची माणसं वाईट नव्हती. असती तर अभिमनला कुणावर तरी चिडता आलं असतं. सासू, यशोदाबाई, कमलबाईच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "भलती गुणी व्हती हो तुमनी आंडेर. दोन वरीसमा तिना आवाज कधी ऐकू उना नही."

तिने ते कौतुकानेच म्हटलं होतं. अभिमन तिथेच उभा होता.

महिना उलटला. एका दुपारी कमलबाई त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, पोरीची कॅसेट लावा, मला तिचं बोलणं ऐकायचं आहे. लग्नानंतर ती कॅसेट तिने चार-पाचदा पाहिली होती, पण तेव्हा पोर जिवंत होती. तेव्हा साड्या बघितल्या, पाहुणे बघितले, आवाजाकडे कोण लक्ष देतो? त्या कॅसेटीत काय नाही ते अभिमनला माहीत होतं. तरी त्याने कॅसेट लावली. हळदीच्या पाटावर मंजुळा बसलेली. मैत्रिणीला काहीतरी सांगत होती, मान मागे टाकून हसत होती, आणि वर सतार वाजत होती. कमलबाई म्हणाली, आवाज वाढवा. त्याने वाढवला. सतार मोठी झाली. ती उठून टीव्हीपाशी गेली आणि तिने काचेखालच्या जाळीला कान लावला.

"पोर बोली राहिनी," ती म्हणाली, "आणि माले काहीच ऐकू येत नही."

मग तिला उमगलं. ती नासीरला बोल लावायला लागली. त्या मेल्याने माझ्या पोरीचं तोंड बंद केलं, कुणी सांगितलं होतं त्याला? अभिमन ऐकत राहिला. आत्ता सांगावं, आत्ता सांगावं, असं करता करता त्याने ते नासीरच्या माथी जाऊ दिलं. दिवसभर भोंग्यावरून अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या सांगणाऱ्या माणसाला घरात एवढं एक वाक्य सांगता आलं नाही. भित्रेपणा होता, दुसरं काय म्हणायचं?

नासीर मधल्या काळात जळगाव सोडून धुळ्याला गेला होता, तिथे त्याने दुकान टाकलं होतं. मूळ कॅसेट त्याच्याकडे असेल, तिच्यात आवाज असेल, एवढी आशा होती. अभिमन एकटा जायला निघाला, पण कमलबाई ऐकेना. ती चप्पल घालून दारात उभीच राहिली. धुळ्यापर्यंत दोघं एका बाकावर बसली होती आणि अभिमनच्या डोक्यात एकच विचार होता, तिथे पोचल्यावर नासीर काय बोलेल.

नासीर बोललाच. बिचाऱ्याला काय माहीत. मंजुळाची बातमी ऐकून तो आधी खाली बसला. मग कमलबाईने जाब विचारला तेव्हा गोंधळून म्हणाला, "भाभी, मी म्हटलं होतं थोडं ठेवू. भाऊच म्हणाले, एक शब्द नको."

कमलबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही दुकानात बोंब ठोकणार. पण ती नासीरकडे वळली आणि मूळ कॅसेट मागू लागली.

नासीरचं तोंड उतरलं. मूळ कॅसेट कुणी जपत नसे. नक्कल काढून झाली की तिच्यावरच पुढचं लग्न, मग त्याच्यावर त्याच्या पुढचं. मंजुळाच्या लग्नावर निदान तीन लग्नं चढली असतील. तरीही तो आतून जुन्या कॅसेटींचं खोकं घेऊन आला. एखादं लग्न आखूड झालं तर शेवटी जुन्याचं शेपूट शिल्लक राहतं, एवढंच त्याच्या मनात होतं. एकेक कॅसेट तो थेट शेवटाकडे नेऊन बघत गेला. परक्या नवऱ्या, परके मांडव, आणि त्यांच्यापुढे पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुपार कलली. कमलबाईने पाणीसुद्धा घेतलं नाही.

अकराव्या की बाराव्या कॅसेटीत कुणाची तरी वरात मधेच तुटली आणि पडद्यावर पंगत आली. भांड्यांचा, माणसांचा कालवा. कडेला हिरव्या शालूत मंजुळा. तिने दूर कुठेतरी बघून मान उंच केली आणि त्या सगळ्या गलक्यावरून तिचा तो घोगरा, खणखणीत आवाज आला.

"आबा, तुम्ही जेवनात का?"

आणि लगेच जवळून, स्वच्छ, सुटासुटा, भोंग्यावरचा आवाज. "हळू बोल, मंजुळा. शूटिंग चालू आहे."

मंजुळाने कॅमेऱ्याकडे पाहिलं, ओशाळून हसली आणि तोंडावर पदर घेतला. मग मुंग्या. सगळं मिळून पंधरा सेकंदही नसतील.

नासीरने डोळे पुसले आणि न विचारता कोरी कॅसेट काढली. नक्कल काढता काढता तो खाली मान घालून म्हणाला की भाऊ, तुमचं वाक्य पुसता येईल, नुसतं तिचंच ठेवतो. अभिमनची मान होकाराकडे कललीच होती. त्याला ते वाक्य नको होतं. जन्मात दुसरं काही इतकं नको झालं नव्हतं.

"आते काहीच काढू नका, नासीरभाऊ," कमलबाई म्हणाली.

तेव्हापासून त्या घरात सिनेमा लागला नाही. सतारीची वही कपाटाच्या वर गेली. कमलबाईला अक्षरओळख नव्हती, पण यंत्राची बटणं ती दोन दिवसांत शिकली. संध्याकाळी अभिमन कामावरून आला की ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, मग टीव्हीपुढे बसून ते पंधरा सेकंद लावायची. मागे न्यायची, पुन्हा लावायची. अगदी तो सारंगीसाठी करायचा तसंच. मंजुळा विचारायची, आबा, तुम्ही जेवनात का, आणि त्याचा आवाज तिला गप्प करायचा. रोज. तो घास हातात धरून बसायचा. कमलबाई त्याला टाकून बोलत नव्हती, दोष देत नव्हती. तिला फक्त पोरीचं बोलणं ऐकायचं होतं, आणि ते ऐकायचं तर पुढचंही ऐकावं लागे.

दिवाळीच्या आधी एके दिवशी तिने कॅसेट थांबवली. पडद्यावर मंजुळा मान उंच करून थांबलेली, चित्र थरथरत होतं. कमलबाईने पाठमोरीच विचारलं, "त्या दिन जेवनात व्हतात का तुम्ही?"

तिने हे सहज विचारलं होतं. खरंच तिला माहीत नव्हतं. मुलीचा बाप म्हणून तो कन्यादानापर्यंत उपाशी होता, आणि नंतर पंगतीत शूटिंग नीट व्हावी म्हणून नासीरच्या मागे मागे फिरत राहिला, ते पाठवणीपर्यंत. एवढ्या माणसांत जेवलात का असं कुणीच त्याला विचारलं नव्हतं, एकीशिवाय.

अभिमनने ताट बाजूला सारलं. तो उठून टीव्हीसमोर आला, खाली बसला. तोंड उघडलं तेव्हा जी बोली बाहेर आली ती त्याने पंचवीस वर्षांत उच्चारली नव्हती, आणि आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या सुगंधाबाई दारात आल्या.

"नही जेवनू व माय," तो पडद्याला म्हणाला. "नही जेवनू."

कमलबाईने यंत्र बंद केलं आणि त्याचं ताट उचलून त्याच्यापुढे आणून ठेवलं.