मगदूमकाकूंची गप्प बसायची मोहीम

मगदूमकाकू घरोघर जाऊन लोकांना काहीही न करण्याची विनंती करत असत. बेल वाजवायची, भडंगाचा डबा पुढे करायचा आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगायचं, "पत्र आलं असेल. वाचा. ठेवून द्या." समोरचा गोंधळून विचारी, "म्हणजे मी नेमकं काय करायचं?" काकू शांतपणे म्हणत, "काही नाही. पण नक्की करा."

काकू इचलकरंजीच्या. नवरा यंत्रमाग दुरुस्तीतला कारागीर, त्याच्या नोकरीबरोबर जर्मनीत आल्या आणि तो गेल्यावर इथेच राहिल्या. फ्रँकफर्टच्या एका टोकाला स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात त्यांचं कपडे आल्टर करायचं दुकान होतं. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, सॉफ्टवेअरमध्ये होतो आणि त्यांची जर्मन कागदपत्रं वाचून देणं हे माझं न मागता मिळालेलं काम होतं. त्यांच्या भागातल्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलत.

ट्रामचा थांबा दोन चौक पुढे सरकला आणि आमच्या रस्त्यावर माणूस फिरकेनासा झाला. निम्म्या दुकानांच्या काचांवर 'भाड्याने देणे' लागलं. काकूंकडेही दिवसाकाठी एखादी पँट येई. "कापड चांगलं आहे रे, नुसतं उसवलंय. टाके घालूया की," असं त्या रस्त्याबद्दल म्हणत.

टाके घालायची रीत एका गिऱ्हाइकाने सांगितली. रस्त्यावरच्या मालकांनी एकत्र येऊन आपला भाग 'सुधारणा क्षेत्र' म्हणून मंजूर करून घ्यायचा, प्रत्येकाने थोडी वर्गणी द्यायची आणि त्यातून दिवे, बाक, साफसफाई, जाहिरात करायची, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. अर्ज झाला, आराखडा झाला. मग महापालिकेच्या कार्यालयाचं पत्र आलं. महिन्याभरात ठराविक मर्यादेपेक्षा जास्त मालकांनी लेखी विरोध केला तर योजना रद्द. जो काहीच कळवणार नाही, त्याचा होकार धरला जाईल.

काकूंनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "म्हणजे गप्प बसला तो आपला?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"मग सोपं आहे. माझं लग्न असंच झालं. विचारलं, मी गप्प बसलो, झालं लग्न."

पण सोपं नव्हतं. आलेल्या पत्राला उत्तर न देणं जर्मन माणसाला जमत नाही. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईंनी 'माझा मनापासून पाठिंबा आहे, फक्त बाक हिरवे असावेत' असं लिहून पाठवलं. पाठिंब्याला अट जोडली म्हणून कार्यालयाने तो विरोध धरला. तसे आणखी दोन पाठिंबे विरोधात गेले. तेव्हा काकूंनी भडंग भाजायला घेतला. दोन आठवड्यांत सगळा रस्ता गप्प केला, पण तोवर विरोधाचा आकडा अगदी काठावर आला होता. आणखी एक पत्र गेलं असतं तर सगळं संपलं असतं.

आणि ते पत्र श्रीयुत फोग्ट लिहीत होते. हे निवृत्त व्याकरण शिक्षक, तीन मजली घराचे मालक. आराखड्यात त्यांना स्वल्पविरामांच्याच चार पानं चुका सापडल्या होत्या.

"माझा विरोध नाही," ते मला म्हणाले, "पण असं वाक्य मंजूर होऊ देणं मला शक्य नाही."

काकू म्हणाल्या, "त्यांच्या हाताला काम पाहिजे. मी देतो."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज एक पत्र जर्मनमध्ये लिहून फोग्टांकडे नेऊन देऊ लागल्या. जर्मन सुधारायचं आहे, तपासून द्याल का? चुका मुद्दाम कराव्या लागल्या नाहीत. पहिलं पत्र बटणांच्या काजांबद्दल होतं. फोग्टांना त्यावर सबंध दिवस लागला. संध्याकाळी ते लाल शाईने रंगलेलं पत्र परत आलं आणि आराखड्याविरुद्धचं पत्र तसंच राहिलं. मग इचलकरंजीतल्या मागांच्या खडखडाटाबद्दल पत्र, मग इथल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल. शेवटच्या आठवड्यात त्यांनी नवरा गेला त्या दिवसाबद्दल लिहिलं. पाठवण्याआधी मी वाचलं, तेव्हा मला सात चुका दिसल्या होत्या. ते पत्र परत आलं तेव्हा त्यावर एकही लाल खूण नव्हती.

काकूंनी तो कागद घडी घालून मशीनच्या खणात ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या त्यांना सोलकढी नेऊन देतो. बिचाऱ्यांना कळणार नाही काय आहे, पण पितील."

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फोग्ट स्वतः दुकानात आले आणि ती चार पानं काकूंच्या मशीनवर ठेवली.

"उशीर झाला ना तुम्हाला," काकू ओशाळून म्हणाल्या.

"फ्राउ मगदूम, मी चाळीस वर्षं शिक्षक होतो. मुदत कधी संपते हे मला कळतं."

क्षेत्र मंजूर झालं. उद्घाटनाला कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. सगळ्या रस्त्याने घाबरून काकूंकडे पाहिलं आणि एकही जण तोंड उघडेना. साहेब म्हणाले, इतका एकमताचा रस्ता मी पाहिला नाही.

दिवे लागले, बाक आले, रिकाम्या गाळ्यांतून कॉफीची, सायकलींची दुकानं उघडली. वर्षभरात काकूंच्या अगदी समोर एक गाळा उघडला. सीरियाहून आलेल्या हमीद नावाच्या माणसाने तिथे कपडे आल्टर करायचं दुकान काढलं.

मला वाईट वाटलं. "काकू, एवढी धडपड केलीत ती याच्यासाठी?"

"दुकानं यावीत म्हणूनच केली की. आता आलंय ते शिंप्याचं निघालं, त्याला तो काय करणार? त्याला तेच येतं."

त्याच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. काकूंनी काचेतून चारदा पाहिलं. मग आपला चांगला लोकरी कोट उचलला, रस्ता ओलांडला आणि तो खालून दोन बोटं आखूड करायला टाकून आल्या.

घाबरलेल्या हमीदने चार बोटं कापला. काकूंनी पैसे दिले, आभार मानले आणि त्या हिवाळाभर तोच कोट घालून हिंडल्या. मागून गार वारा लागला की माझ्याशी बोलता बोलता भिंतीकडे पाठ करून उभ्या राहत.