शेवटची खाट

सगळ्या हॉस्पिटलात तिला थोरली म्हणत. वयाने ती आता खरंच थोरली झाली होती, पण नाव चिकटलं ते ऐन पंचविशीत. कामाची पाळी संपली तरी ही बाई घरी जायची नाही. पुढची सिस्टर आली की तिला घेऊन खाटेखाटेशी उभी राहायची, एकेका पेशंटचं सगळं सांगायची, आणि समोरची "घेतला" म्हणेपर्यंत पुढच्या खाटेकडे सरकायची नाही. "अहो थोरल्या सिस्टर, चार्ज देताय की मुलगी देताय?" असं एक ब्रदर वैतागून म्हणाला, आणि तेव्हापासून ती थोरली झाली ती झालीच.

परिचारिकांच्या संघटनेची ती चिटणीस होती. वर्षातून एकदा सभा व्हायची. वर्षभराची प्रगती आणि पुढच्या वर्षाची उद्दिष्टं तिने वाचायची, मग टाळ्या, मग चहा. उद्दिष्टांच्या तळाशी दरवर्षी एक ओळ असायची: रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात दुसरी सिस्टर. ती ओळ थोरलीनेच घातलेली. रात्री अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर असला, की या टोकाला सलाईन बदलताना त्या टोकाचं कण्हणं पाठीला कान फुटल्यासारखं ऐकावं लागतं. अंधार मोठा होतो आणि बाई लहान. बाथरूमला जायचं तर चोरासारखं, धावत. तिला मूतखडे झाले ते त्या रात्रींमुळेच, असं नवऱ्याचं ठाम मत होतं. "तुमच्या संघटनेनं एवढंच पक्कं बांधकाम केलं," तो म्हणायचा.

महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. यंदाची सभा तिची शेवटची.

सभेच्या आदल्या दिवशी मेट्रनने तिला ऑफिसात बोलावलं. संघटनेची अध्यक्षही तीच. अहवाल तिच्यासमोर होता.

"बसा, थोरल्या सिस्टर. छान झालाय हो. फक्त ही शेवटची ओळ काढू या का?"

"का, मॅडम?"

"अहो, दरवर्षी तीच! प्रगतीच्या अहवालात न झालेलं काम वाचून आपणच आपलं हसं करून घ्यायचं का? त्यातून उद्या वरचे साहेब येतायत. आपल्या प्रशिक्षणाची मंजुरी त्यांच्या हातात आहे. कशाला त्यांचं डोकं फिरवायचं?"

मेट्रन वाईट नव्हती. टेबलाखाली तिने चपला काढून ठेवल्या होत्या, आणि सुजलेली पावलं गार फरशीवर टेकवली होती. ती पावलं थोरलीला दिसली आणि भांडण तोंडातच विरघळलं.

"काढते," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने मेट्रनचं बोलणं सांगितलं, तेव्हा नवरा तिच्या साडीला इस्त्री करत होता. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. इस्त्रीही वळणावर जपून घ्यायचा.

"काढलीस ती ओळ?"

"काढली."

"तू गेल्यावर परत कोण घालणार?"

"दूध उतू जातंय," ती म्हणाली आणि आत गेली. दूध अजून तापलंही नव्हतं.

सभा नर्सिंगच्या वर्गात होती. मागच्या भिंतीशी खाटेवर शिकाऊ मुलींचा सरावाचा रबरी पेशंट पडला होता. खुर्च्या भरल्यावर उशिरा आलेल्या त्याच्या पायथ्याशी बसल्या. त्यात मिरची होती. पुरुषांच्या वॉर्डातली ही पोरगी तोंडाने अशी तिखट, की डॉक्टरसुद्धा तिच्याशी जपून बोलत. दरवर्षी ती ओळ आली की मागून मिरचीचा आवाज यायचा, "सिस्टर, तुमच्या त्या दुसऱ्या सिस्टरची बस चुकली वाटतं!"

थोरलीने वाचायला घेतलं. सभासद वाढले. जखमांच्या ड्रेसिंगचं प्रशिक्षण झालं. गणवेशाला खिसा मिळाला. खिशाला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मग पुढच्या वर्षी वाचनालय, पाळणाघर. कागद संपला. आता "धन्यवाद" म्हणून खाली बसायचं.

बसता येईना. एक खाट न सांगता वॉर्ड सोडणं तिच्या पायांना माहीतच नव्हतं.

"एक राहिलाय," ती म्हणाली. "शेवटची खाट."

कुणीतरी खुदकन हसलं. थोरलीचा आवाज मात्र आता वॉर्डातला झाला होता, सपाट आणि स्वच्छ.

"पेशंट जुना आहे. मीच भरती केलाय. तब्येत स्थिर, म्हणजे सुधारणा नाही. मोठे डॉक्टर अजून बघायला आले नाहीत. नातेवाईक पुष्कळ, सगळे इथेच बसलेत. जवळ कुणी येत नाही. रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात दुसरी सिस्टर, हेच त्याचं दुखणं. माझी पाळी संपली. चार्ज कोण घेतंय?"

हसू पसरलं आणि हळूहळू आटलं. साहेबांनी मोबाईलमध्ये मान घातली. मेट्रन पुटपुटली, "सिस्टर, बसा ना." थोरली उभीच. पंखा फिरत होता. कुणीच बोललं नाही तर काय, हे तिने ठरवलं नव्हतं. कुणी चार्ज घेतलाच नाही असं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं.

"शेवटचा डोस कधी दिला?" मागून आवाज आला. मिरची.

थोरलीने मान वर केली. ज्याला घ्यायचा नसतो तो हे विचारत नाही.

"गेल्या वर्षी. अर्ज दिला होता."

"कुणाला?"

"वरच्या ऑफिसात."

"काही फरक?"

"उत्तर नाही."

"मग साहेब आयतेच इथे आहेत," मिरची रबरी पेशंटच्या पायथ्यावरून उठली. "आत्ताच देऊन टाकू की पुढचा."

साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. मेट्रन टेबलाखाली पायाने चपला शोधत होती. त्या चढवून ती उभी राहिली, अहवाल ओढून घेतला आणि तळाशी पेनाने एक ओळ लिहिली. मग माईक उचलून साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "बोला, सर. ऐकतोय आम्ही."

साहेब घसा खाकरत राहिले. मिरची थोरलीच्या समोर येऊन थांबली. थोरली अजूनही वाट बघत होती.

"घेतला," मिरची म्हणाली. मग हळूच, "जा आता, बाई. तुमची पाळी संपली."

थोरलीने पर्स उचलली. साहेब बोलू लागले होते. ती सगळ्यांच्या देखत व्यासपीठाची पायरी उतरली आणि जराही घाई न करता बाथरूमकडे चालत गेली.