विचारलं तेवढंच

विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट आणि पासपोर्ट मागितला, आणि रेलिंगपलीकडून बाबा ओरडले, "अगं फाइल दे त्यांना, फाइल!" फाइल निळी होती, वीस प्लॅस्टिकच्या खिशांची. तिच्यात माझी दहावीची मार्कशीट, जन्मदाखला, युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर, लसीकरणाचा कागद आणि सगळ्यात शेवटी बाबांच्या निवृत्तीचं पत्र होतं. ते कशाला, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मी मुकाट्याने फाइल पुढे केली. जवानाने हातही लावला नाही. "मॅडम, सिर्फ टिकट और पासपोर्ट." मागची मुलं हसली. आईने डोळे पुसले आणि बाबांनी समाधानाने मान हलवली, जणू फाइल नुसती दिसली म्हणूनच मला आत सोडलं होतं.

बाबा कल्याणच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. एका कागदासाठी परत पाठवलेली माणसं त्यांनी आयुष्यभर टेबलापलीकडे पाहिली. त्यामुळे आमच्या घरात एकच नियम होता: "विचारायच्या आधी दाखवावं. साहेब अर्ध्या मिनिटात सोडतो." आईची त्यात आणखी एक भर होती: "आणि कुणाबद्दल विचारलं तर दोन चांगले शब्द बोलावेत. आपलं काय जातं?"

काय जातं, ते सांगते.

सिडनीत मी पेंडल हिलला राहायला लागले, स्टेशनजवळच्या दुकानांच्या मागे, प्राचीबरोबर. प्राची सांगलीची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि तोंडातून शब्द न काढणारी. ती पहिल्या दिवसापासून अखंड बोलणारी. ट्रेनमधून उतरली की जिन्यापासूनच सुरू व्हायची. आज शेफ काय म्हणाला, ट्यूटोरियलमध्ये कोण झोपलं, मेथीची जुडी किती लहान होती. मी काही विचारायची गरजच नव्हती. माझ्यासारखीला अशी रूममेट मिळणं म्हणजे नशीब. ती डबे पुरवणाऱ्या एका किचनमध्ये काम करायची. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना पंधरा दिवसांत अठ्ठेचाळीस तासच काम करता येतं, हे आम्हाला पाठ होतं. सुट्टीत ही मर्यादा नसते, हेही माहीत होतं.

आमच्या ओरिएंटेशनमध्ये समुद्रात लाटेने ओढलं तर काय करायचं, हे अर्धा तास समजावलं होतं. मी त्या समुद्रात अजून घोट्यापर्यंतही उतरलेले नाही. इमिग्रेशनचा अधिकारी कॅम्पसवर येऊन बोलू लागला तर काय करायचं, याला अर्धी स्लाइड होती. ती कुणीतरी पटकन पुढे सरकवली, कारण पिझ्झा आला होता.

ते आले ऑगस्टमध्ये. पॅरामॅटाच्या कॅम्पसवर, लायब्ररीच्या तळमजल्यावर, दुपारी. एक बाई, एक पुरुष, गळ्यात ओळखपत्रं. बाई इतकं गोड बोलत होती की मला वाटलं सर्व्हे असेल. नाव विचारलं, व्हिसा विचारला. मी फोनवर दाखवला. "ऑल गुड," ती म्हणाली. तिथे माझा विषय संपला होता. मग तिने विचारलं, प्राचीला ओळखतेस का? ती काही अडचणीत नाही हं, जस्ट अ चॅट.

मी बॅगेतून निळी फाइल काढली.

घराचा करार दाखवला, दोघींची नावं असलेला. ती आत्ता कामावर आहे म्हणून सांगितलं. कुठे, तेही सांगितलं. एवढ्यावर त्या बाईने वहीत फारसं काही लिहिलं नव्हतं. मग मला वाटलं, ही माणसं प्राचीबद्दल काही वाईट समजत असतील तर? म्हणून मी दोन चांगले शब्द बोलले. शाळेत मला स्टेजवर एक वाक्य बोलता आलं नव्हतं, पण त्या दिवशी मी उत्तम इंग्रजीत म्हणाले की ती फार कष्टाळू आहे, कुणी आलं नाही की त्याचीही शिफ्ट हीच करते, आठवड्यातून सहा-सहा दिवस जाते. बाईने ते सगळं लिहून घेतलं. "थँक्स, यू हॅव बीन रिअली हेल्पफुल."

संध्याकाळी मी प्राचीला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "सहा दिवस? अगं, ते जुलैच्या सुट्टीत होतं."

"हो, पण मी..."

"सुट्टीत, असं म्हणालीस का त्यांना?"

नव्हते म्हणाले. ते विचारलंच नव्हतं. आणि जे विचारलं नव्हतं ते बाकी सगळं मी सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी तिला ईमेल आली. व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे, तुमचं म्हणणं मुदतीत कळवा. आम्ही स्टुडंट असोसिएशनच्या मोफत वकिलाकडे गेलो. डायना नावाची, पन्नाशीची, कॉफीचा मग न विसळणारी बाई. तिने सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं की मैत्रिणीबद्दल उत्तर दिलंच पाहिजे?" मी म्हणाले, कुणीच नाही. "मग दिलंस का?" मी फाइल बॅगेत सरकवली. मग तिने जे दहा मिनिटांत समजावलं, ते मला ऑफर लेटरबरोबर मिळायला हवं होतं. आधी समोरच्याचं ओळखपत्र बघ आणि कशासाठी आलात ते विचार. स्वतःची ओळख आणि व्हिसा मागितला तर दाखव. पुढच्या प्रश्नांना, मला आधी सल्ला घ्यायचा आहे, असं सभ्यपणे म्हणता येतं. खोटं कधीच बोलू नकोस; पण गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नाही. न समजलेल्या कागदावर सही नको. आणि प्रत्येकाची केस वेगळी असते, म्हणून आधी आम्हाला फोन.

प्राचीला वाचवलं ते तिच्या विसरभोळेपणाने. किचनच्या भिंतीवरच्या रोस्टरचा ती दर सोमवारी फोटो काढायची, शिफ्ट लक्षात राहत नसे म्हणून. ते फोटो, पगाराच्या स्लिपा आणि युनिव्हर्सिटीचं कॅलेंडर डायनाने शेजारी शेजारी लावले. सगळे जादा तास सुट्टीतले. उत्तर पाठवलं आणि वाट पाहत बसलो. निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाऊ नकोस, असा डायनाचा सल्ला होता. डिसेंबरात सांगलीला प्राचीच्या भावाचं लग्न झालं. ती व्हिडिओ कॉलवर होती. तिकडे कुणीतरी फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता, आणि अक्षता पडताना तिला फक्त पाठी दिसत होत्या. मी शेजारच्या खोलीत होते. तिने मला बोलावलं नाही.

बाबांना मी हे फोनवर सांगितलं. "पण तू खरंच सांगितलंस ना? मग चुकलं कुठे?" खरं सांगण्यात नाही, बाबा. अर्धं खरं, न विचारता, दुसऱ्याचं सांगण्यात. ते म्हणाले, "आमच्या कचेरीत असं नव्हतं." असंच होतं, बाबा. तुम्ही टेबलाच्या अलीकडे बसला होतात, एवढंच. हे वाक्य मी मनात म्हणाले, फोनवर नाही.

फेब्रुवारीत ईमेल आली: व्हिसा रद्द होणार नाही. प्राचीने ती मला फॉरवर्ड केली, वर एक शब्दही न लिहिता. महिन्याभरात ती मेलबर्नला गेली, ट्रुगानिनाला मावसबहिणीकडे. उरलेले विषय ऑनलाइन होते. जाण्याआधीही भांडण असं नव्हतं. मी विचारायचे, जेवलीस? ती म्हणायची, हो. काय जेवलीस, ते नाही. डायनाने शिकवलेलं सगळ्यात नीट तीच शिकली होती, आणि ते ती माझ्यावर वापरत होती.

आता मी असोसिएशनच्या स्टॉलवर आठवड्यातून एक आरवो, म्हणजे इथल्या भाषेत दुपार, बसते. मी, जिला अनोळखी माणसाला हाय म्हणायलाही घाम फुटतो. कार्ड वाटते, ज्यावर डायनाचे तेच मुद्दे छापले आहेत. आणि दर वेळी कुणीतरी आपलाच मुलगा कार्ड परत देत म्हणतो, "नको ताई, आपण काही चुकीचं करतच नाही." आमच्या मराठी ग्रुपवर मी ते टाकलं तर एका काकांनी लिहिलं की हक्कबिक्क काढले की साहेब लोकांना संशय येतो. खाली अकरा अंगठे. मी चिडते, उत्तर टाइप करते, खोडते, आणि पुन्हा कार्डाचाच फोटो टाकते. तुमच्यापैकी कुणाची मुलगी जुलैला निघणार असेल, तर तिच्या फाइलमध्ये निवृत्तीचं पत्र घालू नका. हे कार्ड घाला.

पण एक गोष्ट मला डायनाही शिकवू शकली नाही. घर म्हणजे ज्या जागी कुणी न विचारता सगळं सांगतं ती जागा, असं मला वाटायचं. कल्याणला ते आईच्या ओट्यापाशी होतं, पेंडल हिलला जिन्यावर. दाराबाहेर गप्प राहायला मी शेकडो मुलांना शिकवते आहे, आणि माझ्याच दाराच्या आत शांतता आहे.

गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. प्राची. मी हॅलो म्हणाले आणि ती सुरू झाली. ट्रुगानिनाला वारा किती वेड्यासारखा वाहतो, वाळत घातलेली सलवार शेजाऱ्याच्या बार्बेक्यूवर जाऊन पडली, नव्या नोकरीतली बॉस कशी नाकात बोलते, वहिनीला दिवस गेलेत आणि ते अजून कुणाला सांगायचं नाही. चाळीस मिनिटं. मी काहीही विचारलं नाही. भात करपल्याचा वास आला तरी उठले नाही.