पाठीमागची हाक

"उजेडात उभे राहून बोला." नव्या तुकडीला आबांचे हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावे लागे. प्रश्न विचारणारा मुलगा कोपऱ्यात असला, तर ते त्याला बोटाने खिडकीपाशी बोलावत, त्याचा चेहरा निरखत आणि मगच उत्तर देत. मुलांना ही शिस्त वाटे. मलाही तशीच वाटली होती.

जळगावात एका ट्रस्टचे तंत्रशिक्षण महाविद्यालय होते. तेथील मोटार मेकॅनिक विभागाचे ते मुख्य निदेशक, आणि मी त्यांच्या हाताखालचा. ऐंशीचे दशक संपत आले होते. सारे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. आमचे वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि तिच्या टोकाला उभी असलेली एक जुनी डिझेल जीप. असोद्याहून रोज बसने येणारी मुले आणि चोपड्याकडून येऊन शहरात खोली करून राहणारी मुले या जीपवर शिकत. तिचा एकही नट असा नव्हता, की जो शंभर हातांनी काढून पुन्हा बसवला नव्हता.

इंजिन चालू केले, की आबा लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्याच्या अंगाला टेकवत आणि लाकडी मूठ दातांत धरत. डोळे मिटत. थोड्या वेळाने मूठ काढून सांगत, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट सैल आहे." उघडून पाहावे, तर तसेच असे. मुले मग आठवडाभर स्क्रू ड्रायव्हर चावत हिंडत. असोद्याच्या एका मुलाने एकदा तक्रार केली, "सर, मले तं काहीच समजत नाही. दात मात्र हालतात."

"दात हालला म्हणजे इंजिन बोललं," आबा म्हणाले. "कोणता हालला तेवढं बघ."

शेडभर हशा पिकला. आबाही हसले, पण क्षणभर उशिरा. मुलांचे चेहरे पाहून झाल्यावर. तो क्षण माझ्या नजरेतून सुटला नव्हता. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही. आपण सारेच माणसांना असे अर्धवट पाहतो.

त्यांच्या एका नियमाला अपवाद नसे. जीप जॅकने उचलून आधाराच्या लोखंडी घोड्यांवर ठेवली, की काढलेले चाक आडवे करून चासिसखाली सरकवायचे. त्यानंतरच माणसाने खाली जायचे. एका मुलाने कंटाळून म्हटले होते, "आबा, पाच मिनिटनं काम शे."

"मरायला तेवढीही लागत नाहीत. चाक सार."

मला खरी गोष्ट कळली ती एका दुपारी. आबा फळ्यावर इंधनपंपाची आकृती काढत होते. त्यांच्या मागे चार हातांवर माझ्या हातून गिअरबॉक्सचे बिडाचे झाकण फरशीवर पडले. पुढच्या बाकावरची मुले दचकून उभी राहिली. आबांचा खडू थांबला नाही. त्यांनी रेघ पूर्ण केली, तिला बाण काढला आणि वळून विचारले, "उभे का राहिलात सगळे?"

संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. खिडकीपाशी, उजेडात.

"आबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी माझे ओठ वाचले. मग म्हणाले, "आठ वर्षं झाली. ओळखणारे तुम्ही पहिले." तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यात, इंजिनघरात त्यांनी वर्षानुवर्षे काढली होती. कान तिथेच राहिले, असे ते म्हणाले. एखादी छत्री विसरून यावी तसे. घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. निवृत्तीला चार वर्षे उरली होती.

"या मुलांचे हात तयार करण्यापलीकडे मला काही येत नाही," ते म्हणाले. "मला एवढं करू द्या. माझ्यासमोर उभे राहत जा. मागून कुणी बोललं की मान हलवा, मी वळेन."

मी होकार दिला. त्या दिवसापासून त्यांच्या तासाला मी त्यांच्यासमोर उभा राहू लागलो. दोन वर्षे ही व्यवस्था निर्वेध चालली. परीक्षक येऊन गेले. त्यांनाही संशय आला नाही. मुले म्हणत, "साहेब आबांच्या तासाला मान काय डोलवतात? भजन चालू आहे का?" मी त्यांना गप्प बसवत असे.

तिसऱ्या वर्षी ट्रस्टच्या धुळ्याच्या शाखेत वरिष्ठ निदेशकाची जागा निघाली. मी अर्ज केला. अर्ज पुढे गेला की नाही, हे विचारण्यासाठी एका सकाळी मी कार्यालयात गेलो. त्या वेळी आबांचा तास चालू होता. जाताना मी त्यांना सांगितले नाही. दहा मिनिटांचा प्रश्न होता, असे मला वाटले.

जीप घोड्यांवर होती. चोपड्याकडचा एक मुलगा मागच्या बाजूने खाली सरकून ब्रेकची नळी बसवत होता. पुढे आबा बॉनेटमध्ये वाकले होते. कुणीतरी फाजील आवळलेला एक नट निघत नव्हता, म्हणून त्यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा भार टाकून ओढू लागले. प्रत्येक ओढीला जीप डुलत होती. मागची एक घोडी तिरपी झाली. खालून मुलगा ओरडला, "आबा, गाडी सरकी ऱ्हायनी! थांबा!" मागे उभी असलेली मुलेही ओरडली. ती ओरड मला व्हरांड्यात ऐकू आली आणि मी धावलो. शेडच्या दारातून मला दिसली ती आबांची पाठ. त्यांनी पुन्हा एकदा पाइप ओढला.

घोडी निसटली. जीप खाली आली आणि आडव्या ठेवलेल्या चाकावर थांबली.

मुलाच्या छातीवर वीतभर जागा उरली होती. तो सरपटत बाहेर आला. तोंडाला ब्रेक ऑइल लागले होते, आणि तो भीतीने नव्हे, संतापाने रडत होता. आबांसमोर जाऊन तो म्हणाला, "एवढा आरडनू मी! आयकू नही वनं का तुमले?"

हे वाक्य आबांना नीट दिसले. त्यांनी पाइप खाली ठेवला. त्यांची नजर मी ज्या जागी उभा राहत असे त्या जागेकडे गेली आणि तेथून दाराकडे, माझ्याकडे आली.

प्राचार्यांनी संध्याकाळपर्यंत लेखी अहवाल मागितला. मी तो आठ ओळींत लिहिला. मुख्य निदेशकांना ऐकू येत नाही आणि त्यामुळे प्रशिक्षणार्थींच्या जिवास धोका आहे, असे त्यात होते. त्यातील प्रत्येक शब्द खरा होता. मला हे दोन वर्षांपासून ठाऊक होते आणि त्या सकाळी मी माझी जागा सोडली होती, हे दोन मुद्दे त्यात नव्हते. चाक तिथे कोणाच्या नियमामुळे होते, हेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणे आले. प्राचार्यांनी आबांना विचारले, "तुमच्या या सहकाऱ्यांना हे माहीत होतं का?"

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. ते मिटलेले होते. त्यांनी जेवढी वाट पाहिली तेवढ्यात मला एक वाक्य सहज बोलता आले असते.

"नाही," ते म्हणाले. "कुणालाच नव्हतं."

त्यांना अवजारांच्या कोठीत बसवण्यात आले. कोठीला एकच जाळीची खिडकी होती आणि मागणारा मुलगा तिच्यापुढे उभा राहिला, की उजेड त्याच्या पाठीमागे जाई. चेहरा काळा. आबांना ओठ दिसत नसत. ते पक्कड मागितली तर कानस देत, कानस मागितली तर हातोडी. मुलांनी आधी गंमत केली, मग चिठ्ठ्या आणू लागली. मी एकदाही त्या खिडकीपाशी गेलो नाही. मला लागणारे अवजार मुलांकडून आणवत असे. तीन महिन्यांनी आबांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात माझी धुळ्याची नेमणूक आली.

पुढे सात वर्षांनी मी भडगावला त्यांच्या घरी गेलो. का गेलो, ते सांगण्याची गरज नाही. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, दार उघडले. मी कोण हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मांगे बशेल शेतस. जा ना, भेटा."

परसात आबा लाकडी बाकावर बसले होते. तोंड गिरणा नदीकडे, पाठ माझ्याकडे. गुडघ्यांवर जुना पॉलिश पेपर होता आणि ते पाण्याच्या पंपाचा एक व्हॉल्व्ह घासत होते. मी "आबा" म्हटले. पुन्हा म्हटले. त्यांचा हात चालूच राहिला.

तीन पावले वळसा घालून पुढे जायचे होते. संध्याकाळचा सगळा उजेड तिकडेच होता. मी होतो तिथेच उभा राहिलो आणि अहवालात नसलेले सारे त्यांच्या पाठीला सांगितले. दोन्ही मुद्दे, क्रमाने, चाकासह. त्याला मिनिटभरही लागले नाही. आबांनी व्हॉल्व्ह डोळ्यांपुढे धरून पाहिला, त्यावर फुंकर मारली आणि पुन्हा घासायला घेतला.

मी घरातून परत निघालो, तेव्हा अक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी चहा ठेवला होता.

"बोलनं व्हयनं का, भाऊ?"

"झालं," मी म्हणालो आणि चपला घातल्या.