आभाळ कोरं असताना आलेलं पाणी

२० मे, सकाळी सव्वासहा, किन्हवलीचा एसटी थांबा. हजर : मी; माझी नणंद सुनंदा आणि तिचे यजमान अनंतराव, दोघं मुरबाडहून आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेले; आणि माझे चुलत सासरे बबनकाका, राहणार शेणवा, वय अडुसष्ट. एकूण चार माणसं. सामान सात नग ठरलं होतं, मोजलं तर नऊ भरलं. जादा दोन्ही नग अनंतरावांचे, त्यातला एक मोबाईल उभा करायचा स्टँड. तो वाटेत तीनदा हरवला आणि दुर्दैवाने तीनदा सापडला.

निघालो होतो गोमुखाला, गंगा जिथे बर्फातून बाहेर पडते तिथे. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे भूगोलाचा तास चालतो. ‘हिमालयातील नद्यांना बर्फ वितळून पाणी मिळते, म्हणून त्या बारमाही वाहतात’ हे वाक्य मी वीस वर्षं भिंतीतून ऐकत आले आहे. इकडे धरणं उशाला असून मे महिन्यात दारात टँकर. तेव्हा बारमाही म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघावं, असं ठरवलं. आरक्षण, नोंदणी, औषधं, लोकरीचे कपडे, सगळं वहीत लिहून काढलं. काकांची अट एकच होती. “भाताच्या रोपासाठी राब भाजून झालेत. मिरगाच्या आत घरी आणणार असशील तर येतो, नायतर नाय.”

काकांबद्दल आधीच सांगायला हवं. शेणव्याला त्यांच्या अंगणातून गावाखालची नदी आणि तिच्यावरची फरशी, म्हणजे बुटका पूल, दिसते. पावसाळ्यात ही फरशी कधी पाण्याखाली जाते, कधी वर येते. पलीकडे जायचं असलेला माणूस आधी काकांच्या अंगणाकडे बघून हाक मारतो. काका पूर्वेला डोंगराकडे बघतात, पाण्याचा रंग बघतात आणि एकच शब्द बोलतात, ‘जा’ किंवा ‘थांब’. त्यांनी ‘जा’ म्हटलं आणि माणूस अडकला, असं कधी झालेलं नाही. शाळेतले मास्तरसुद्धा पोरांना सोडण्याआधी त्यांना विचारतात. बाकी कुठल्या बाबतीत कुणी त्यांचं फारसं ऐकत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द शेवटचा.

अडचण अशी की प्रवासात ते प्रत्येक बाबतीत शेवटचा शब्द बोलू लागले. कल्याणला गाडीत बसल्यापासून सुरुवात. वरचा बर्थ नको, खालचा चालेल पण खिडकीकडे डोकं नको. गाडीतला चहा म्हणजे “भांडी धुतलेलं पाणी.” अनंतराव या सगळ्याचं चित्रण करत होते आणि सुनंदा “अहो, पुरे करा” म्हणत होती. हरिद्वार येईपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं होतं.

हरिद्वारला मात्र काका घाटाच्या पायरीवर बसले आणि अर्धा तास नुसतं पाणी बघत राहिले. साखळी धरून लोक डुबक्या मारत होते. पाणी एवढ्या वेगाने जात होतं की बघताना आपणच मागे सरकतोय असं वाटावं.

“मे महिना हाय ना गो?” त्यांनी विचारलं.

“हो. बावीस तारीख.”

“आपल्याकडं माळशेजला पडलेलं पाणी दुसऱ्या दिवशी खाडीला लागतं. मग चार महिन्यांनी नदीत गोटे. हिला समुद्राला जायला किती दिस लागत असतील?”

“बंगालपर्यंत जाते, एवढंच ठाऊक आहे,” मी म्हणाले.

“म्हंजे आता बघतो ते पाणी आपण घरी पोचलो तरी वाटेतच असंल,” काका म्हणाले आणि हसले. त्या एका हसण्यावर मी त्यांना पुढचे दोन दिवस सहन केलं.

पुढचा प्रवास गाडीने. ड्रायव्हरला घाई होती, पण फक्त आमची लघवीला थांबायची वेळ आली की. हर्षीलला राजमा-भात खाल्ला. राजमा इतका मऊ की दातांना काम नाही. काकांनी भाताकडे बघून तो कुठल्या जातीचा ते ओळखायचा प्रयत्न केला, ओळखता आलं नाही, म्हणून भात वाईट ठरवला. गंगोत्रीला परवान्याच्या रांगेत तीन तास गेले. सगळे कागद क्रमाने लावलेली मी एकटी होते आणि खिडकीवरच्या माणसाने नेमका तोच क्रम विस्कटला.

गंगोत्रीला पहिला धक्का बसला तो पाण्याच्या रंगाचा. उगमाजवळ पाणी काचेसारखं असेल अशी आमची कल्पना. प्रत्यक्षात ते राखाडी, लावणीच्या वेळी चिखलणी केलेल्या खाचरातल्या पाण्यासारखं. सुनंदाचा चेहरा पडला. काकांनी मात्र ओंजळीत घेतलं, निथळू दिलं आणि उरलेला गाळ बोटांत चोळला.

“रेती नाय. पीठ हाय, पीठ. बर्फानं डोंगर दळलाय वर.”

आमचा गाइड बलबीर चमकून बघायला लागला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. “चाचा ठीक बोल रहे हैं,” तो म्हणाला. काकांना हिंदी अर्धीच कळते, तेवढी बरोबर कळली. त्यानंतर त्यांना आवरणं अशक्य झालं.

गंगोत्रीहून भोजबासापर्यंत चौदा किलोमीटर चालत. सुनंदा खेचरावर, आम्ही पायी. देवदार संपले, मग भूर्जवृक्ष, मग नुसते दगड. भोजबासाला खिचडी आणि गरम पाणी मिळालं. त्या गरम पाण्यासाठी मी वहीत वेगळी ओळ लिहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गोमुखाकडे निघालो. पाऊण तासाने वाटेत एक गदेरा (बाजूच्या डोंगरातून येऊन नदीला मिळणारा ओढा) लागला. पाणी घोट्याएवढं. दगडांवरून उड्या मारत दोन मिनिटांत ओलांडला. बलबीर माझ्याजवळ आला, कारण वही माझ्या हातात होती. “दीदी, वापसी में बारह बजे से पहले इसको पार करना है. उसके बाद इसका भरोसा नहीं.” मी लगेच लिहिलं : ‘११ ला निघणे. १२ च्या आत गदेरा पार.’ खाली दोन रेघा मारल्या. काका आणि अनंतराव पुढे निघून गेले होते, त्यांनी हे ऐकलं नाही. कारण विचारायचं मला सुचलं नाही. वेळ मिळाली की माझं समाधान होतं.

गोमुख दिसलं तेव्हा साडेआठ वाजले होते. फार जवळ जाऊ देत नाहीत. लांबून दिसते ती मळक्या बर्फाची भिंत, तिच्या पायथ्याशी काळोखी भगदाड, आणि त्यातून नदी सरळ बाहेर येते, आधीच मोठी. आमच्याकडच्या नदीसारखं झऱ्यातून थेंब थेंब सुरू होणं नाही. मध्येच बर्फाचा तुकडा सुटे आणि म्हैस बसल्यासारखा आवाज येई.

दहाला सुनंदाचं डोकं ठणकायला लागलं, उलटीही झाली. उंचीचा त्रास, खाली नेलं पाहिजे, असं बलबीर म्हणाला. वाट एकच, चुकायचा प्रश्न नव्हता. तो तिला घेऊन निघाला. जाताना त्याने मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मी मान हलवली.

मग अनंतरावांची पूजा सुरू झाली. नारळ, हळदकुंकू, आरती, सगळं स्टँडसमोर. पहिल्या वेळी मोबाईल आडवा पडला. दुसऱ्या वेळी मध्ये कुणी परदेशी बाई आली. तिसऱ्या वेळी आरती विसरले. सव्वाअकराला मी म्हणाले, “आता निघायचं.”

काका दगडाला टेकून भाकरी खात होते. “अगो सूनबाई, घड्याळ कशाला बघतेस? आभाळ बघ. कोरं हाय, कोरं! ढग नाय, वारा नाय. पाणी काय जमिनीतून फुटणार हाय? बस निवांत.”

“ऐकलंत का?” अनंतराव मोबाईलमागून म्हणाले. “हवामान खातं बोललं!”

त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवं होतं : बलबीरने बाराच्या आत ओढा पार करायला सांगितलंय. वही माझ्या मांडीवर होती. मी बोलले नाही. पाच दिवसांत पहिल्यांदा माझे पाय बुटांच्या बाहेर होते आणि ऊन अंगावर छान लागत होतं. काकांशी आणखी एक वाद नको होता. शिवाय आभाळ खरोखरच कोरं होतं, आणि पाण्याच्या बाबतीत काकांचं ऐकायची आम्हाला सगळ्यांनाच सवय. निघायला एक वाजला.

ओढ्याचा आवाज आधी ऐकू आला. सकाळचे दगड दिसत नव्हते. राखाडी पाणी कमरेएवढं, आणि त्याच्या पोटातून धोंडे गडगडत जात असलेले पायाला जाणवत होते. वर आभाळात एक ढग नाही.

काका उभेच राहिले. “कोणी धरण सोडलं काय वर?”

पलीकडच्या काठावर बलबीर होता. सुनंदाला मुक्कामी पोचवून तो परत आला होता. दोन्ही हात हलवून तो ओरडत होता, थांबा, थांबा. मग त्याने सूर्याकडे बोट केलं, मग वरच्या बर्फाकडे, मग ओढ्याकडे. आणि वळून भोजबासाच्या दिशेने पळत सुटला.

मला तेव्हा कळलं. रात्रभर गोठलेला बर्फ सकाळी पाणी सोडत नाही. ऊन चढलं की सोडतो. इथे पूर येतो तो उन्हाचा. आभाळ जितकं कोरं, तितकं पाणी जास्त.

काकांना मी हे समजावत होते, पण ते ऐकत नव्हते. बुटांसकट काठी घेऊन ते पाण्यात उतरले. “काका, माघारी या!” मी ओरडले. दुसऱ्या पावलाला पाणी मांडीला लागलं, काठी हातातून गेली आणि ते गुडघ्यावर आले. मी त्यांचं जाकीट पकडलं, अनंतरावांनी माझा हात पकडला, आणि आम्ही तिघं कसेबसे काठावर येऊन पडलो. गोमुखाला भरून घेतलेला काकांचा पाण्याचा कॅन तेवढा गेला.

“पाय हायेत का नाय तेच कळत नाय गो,” काका म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. मी त्यांचे मोजे काढले, माझी शाल गुंडाळली, तळवे चोळत बसले. पुढचे तीन तास मी फक्त सावलीकडे बघत होते. ती समोरच्या डोंगरावरून आमच्याकडे सरकत होती. ती पोचल्यावर या माणसाचं ओल्या कपड्यांत काय होणार, एवढाच विचार डोक्यात.

साडेपाचला बलबीर दोन माणसं, दोर आणि एक लांब शिडी घेऊन आला. शिडी दोन धोंड्यांवर आडवी टाकली. कमरेला दोर बांधून एकेकजण बसत बसत सरकलो. काकांना मध्ये घेतलं. पलीकडे पोचल्यावर बलबीरने त्यांचा दोर सोडला आणि आदरानेच म्हणाला, “चाचा, यहाँ पानी बादल से नहीं, धूप से आता है.”

काकांनी वळून एकदा ओढ्याकडे बघितलं. त्यानंतर ते बोललेच नाहीत म्हटलं तरी चालेल. परतीच्या गाडीत खालचा बर्थ की वरचा, मी विचारलं. “तुमी ठरवा.” चहा कसा आहे? “बराय.” पाच दिवस ज्या बोलण्याने मी वैतागले होते, ते बंद झाल्यावर मला आणखी वैताग आला.

मिरगाच्या आत घरी आलो. पण आमच्या आधी अनंतरावांचा व्हिडिओ पोचला होता. आधी काका म्हणतात, ‘आभाळ कोरं हाय, कोरं! पाणी काय जमिनीतून फुटणार हाय?’ आणि लगेच पुढे तो ओढा, धोंड्यांच्या आवाजासकट. खाली हसणारे चेहरे. शेणवा, किन्हवली, थेट आटगावपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर. थांब्यावर उतरलो तर रिक्षावाला म्हणाला, “काय काका, आभाळ कोरं हाय ना? सोडू गाडी?” सगळे हसले. काकाही हसले, पण प्रवासाच्या थकव्यापेक्षा वेगळेच थकलेले दिसले. अनंतरावांना मी फोन करून झापलं. “अहो वहिनी, गंमत आहे ती,” ते म्हणाले. त्यांनी व्हिडिओ पुसला. लोकांकडे आहे तो आहेच.

गेल्या रविवारी, श्रावणात, मी शेणव्याला गेले. वही पर्समध्ये होती, ते पान दुमडून ठेवलेलं. काकूंनी चहा टाकला. लावणी झाली का, रोपं कमी पडली का, असं बोलत बसलो. तेवढ्यात खालून एका बाईची हाक आली. कडेवर पोर, डोक्यावर प्लास्टिक. “काका, जाऊ का ओ पलीकडं?”

“मला नाय कळत. मोबाईलवर बघ,” काका म्हणाले.

ती बाई गोंधळून फरशीकडे चालू लागली. काका उठून अंगणाच्या कडेला गेले. डोंगराकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. त्यांची मूठ उघडमीट होत होती. बाई फरशीच्या तोंडाशी थांबली, पोर सावरलं आणि माघारी वळली. तेव्हा ते येऊन बसले.

“आता कोणाला काय सांगायचं गो,” ते म्हणाले. “एकदा चुकला तो चुकला.”

चूक माझी होती, हे मला तिथे सांगता आलं असतं. त्यांना जे माहीत नव्हतं ते माझ्या वहीत दोन रेघा मारून लिहिलेलं होतं. मी चहा पिऊन बशी खाली ठेवली, एसटीची वेळ झाली म्हणाले आणि निघाले.

प्रवासाची सगळी कामं आवरली आहेत. गंगोत्रीला भरून घेतलेलं पाणी वाटून झालं, बलबीरला फोटो पाठवून झाले, लोकरीचे कपडे धुऊन ट्रंकेत गेले. काकांना ते पान दाखवायचं बाकी आहे.