बाळंतिणीची बशी

कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी गिऱ्हाइकाशी तोडून बोलते. मेथीची जुडी उलटीपालटी केली की "घ्यायची तर घ्या," म्हणते. तिच्या हातगाडीखाली मांजरी व्याली आहे, तिच्याशी मात्र आवाज वेगळा. शेजारच्या टपरीवरून दूध कोमट करून आणते आणि पिल्लं लुचत असताना बशी मांजरीच्या तोंडाशी धरते. "उठू नको गं. बाळंतिणीनं उठायचं नाय."

मी म्हटलं, "मावशी, लेकीचंही असंच केलं असेल."

"कुठलं, ताई! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डिंक आणून ठेवला व्हता. सासूनं मालेगावलाच ठेवून घेतलं तिला. नातू दिसतो फोनवर. पण ती पोटभर जेवली का नाय, ते कसं दिसायचं?"

तिनं उरलेलं दूध बशीत ओतलं. मला घाई होती, पण बशी रिकामी होईपर्यंत मी मेथी मागितली नाही.