दारातली हरळी

आमच्या बंगल्याच्या फाटकापासून पायरीपर्यंत तीन खाटा मावतील एवढी जागा आहे. आमचे हे तिला लॉन म्हणतात. निवृत्त झाल्यावर कुणी देवळाच्या ट्रस्टवर जातं, कुणी शेअर बाजारात पैसे घालवतं. ह्यांना गवताचा नाद लागला.

इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या दारात लॉन आहे आणि एकाही लॉनवर कुणी बसत नाही. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर बसलं तर उन्हाने घेरी येते, संध्याकाळी बसावं तर डास. खुर्च्या टाकल्या तर खड्डे पडतात म्हणून खुर्च्या टाकायच्या नाहीत. पाहुण्यांनी कडेच्या फरशीवर उभं राहायचं आणि "वा, काय मेंटेन केलंय" म्हणायचं. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

नर्सरीवाल्याने परदेशी नाव सांगून गवताचे चौकोनी तुकडे आमच्या गळ्यात मारले. टेम्पोतून उतरवताना मी एक हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. माझं माहेर पिंपळगाव बसवंतजवळचं, शेतकऱ्याचं. मला हरळी कळणार नाही? कांद्यात, द्राक्षात, बांधावर, कुठेही घुसणारी, हातभर खणलं तरी मूळ शिल्लक ठेवणारी ती हरळी.

"अहो, ही हरळी आहे," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? हायब्रीड आहे," हे म्हणाले.

दोन्हीकडच्या चार पिढ्यांनी जी उपटता उपटता कंबर मोडून घेतली, ती आम्ही विकत आणून, वर रोलर फिरवून लावली. बारावी सायन्स झालेला माणूस!

मग पाण्याचं सोंग सुरू झालं. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येतं, बोअर तर फेब्रुवारीतच आचके द्यायला लागते. मला अंघोळीला एक बादली असा नियम निघाला. लॉनला मात्र कसलाच नियम नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं की हे मागून "अगं, अगं" करत धावत येत. माझा आठ वर्षांचा मोगरा ह्या गडबडीत वाळून गेला, त्याचं ह्यांना सोयरसुतक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, माझ्या थोरल्या जाऊबाई सायखेड्याहून दाढ काढायला आल्या. ह्यांची आई लवकर गेली. हे तेव्हा शाळेत होते. पहाटे उठून ह्यांच्या डब्याची भाकरी थापणारी, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणारी बाई म्हणजे ही वहिनी. मी त्यांना बाई म्हणते. दाढ काढून गाल टम्म सुजला होता, बोलणंही जड जात होतं. दुसऱ्या दिवशी आम्हाला एका लग्नाला जायचं होतं. "बाई, तुम्ही पडून राहा, टीव्ही बघा," असं सांगून आम्ही दहाला निघालो.

तीनला परत आलो. फाटकाजवळ गवताचा ढीग होता. मागे मोकळी, भुसभुशीत, तांबूस माती. बाई डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या. घरात खुरपं नव्हतं म्हणून माझं पोळीचं उलथनं घेतलं होतं. ते पार वाकलं होतं.

मला बघून सुजल्या गालाने हसल्या. "केवढी हरळी माजली व्हती गं दारात! येणारीजाणारी काय म्हनत असतील? सून आळशी हाय म्हनतील. बसून बसून काय करू, म्हटलं काढून टाकू. ढीग तेवढा गाईला घाल."

माझी अब्रू वाचवायला ती बाई दुखऱ्या दाढेने भर उन्हात पाच तास बसली होती.

आणि हे ओरडले. "वहिनी, अक्कल आहे का? किती महिन्यांची मेहनत! विचारायचं तरी! अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही!" समोरच्या गॅलरीत लोक बाहेर आले.

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. एकदा ढिगाकडे पाहिलं. मग नळावर हात धुतले, उलथनं धुतलं, दोन्ही हातांनी दाबून सरळ करायचा प्रयत्न केला आणि ओट्यावर ठेवलं. पिशवी भरली. त्यांच्यासाठी सकाळी केलेली मऊ खिचडी तशीच झाकून होती. "बस गाठते," एवढंच म्हणाल्या.

मी पायरीवर उभी होते, लग्नातल्या साडीत, केसांत गजरा. मला बोलायचं होतं. एरवी माझी जीभ घरभर चालते, रिक्षावाल्याशी चालते, ह्यांच्याशी तर अखंड चालते. त्या वेळी चालली नाही. समोरचे बघत होते म्हणून. मी ह्यांच्याइतकीच, किंबहुना जास्त नालायक.

लॉनचं काय व्हायचं होतं? हरळीच ती. पंधरा दिवसांत परत फुटली. "बघ, उगाच डोक्यात राख घातली मी," हे हसत म्हणाले. जणू हिशेब मिटला. फोन करा म्हटलं तर म्हणाले, "वहिनी कुठे मनात ठेवते?" मे महिन्यात पाणी आणखी घटलं आणि सगळं लॉन वाळून सुतळीसारखं झालं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पाऊस आल्यावर ते निर्लज्जपणे पुन्हा हिरवं झालं.

बाई मात्र आल्या नाहीत. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावलं, "काम लय हाय." पंचमीला बोलावलं, तेच उत्तर. टाके काढायलाही त्या आमच्याकडे न उतरता परस्पर जाऊन आल्या, हे मला पुतण्याकडून कळलं.

श्रावणात मी एकटीच सायखेड्याला गेले. बाई मळ्यात सोयाबीन निंदत होत्या, बरोबर गावातल्या चार बाया. मी साडी खोचली, बांधावरचं खुरपं उचललं आणि त्यांच्या शेजारची ओळ धरली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मळ्यात पोचेपर्यंत पोकळ वाटायला लागली होती. निम्मी ओळ निंदून झाली. मग मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांचं खुरपं चालूच राहिलं. माझ्या खुरप्याला हरळीचं एक लांब, पांढरं मूळ लागलं. मी ते जोर लावून ओढायला लागले.

"थांब," बाई म्हणाल्या. "ते उपटू नको. आधी भाऊजींना फोन करून विचार."

सगळ्या बाया खो खो हसल्या. मीही हसले. बाई हसल्या नाहीत.